एफएफपी स्कोप पारखायचा तर रेंजवर खुणांचा फळा हवा

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, नेमबाजीत उतरणाऱ्या मुलांचे पालक आणि हौशी एअर रायफलवाले हल्ली एकाच प्रश्नाशी अडतात. ‘फर्स्ट फोकल प्लेन’, म्हणजे दुकानाच्या भाषेत एफएफपी, स्कोप (रायफलवरची नेमाची दुर्बीण) घ्यावा का? आणि घेतला तर तो चांगला निघाला हे कसे ओळखावे? उत्तरादाखल त्यांना काचेच्या स्वच्छतेची तारीफ आणि मॅग्निफिकेशनचा आकडा ऐकवला जातो. पण ज्या गुणासाठी या स्कोपला जास्त पैसे मोजायचे, तो काउंटरवर उभे राहून तपासता येत नाही. त्याला फितीने मोजलेले अंतर, खुणा केलेला फळा आणि दोन तासांची सवड लागते. असा फळा प्रत्येक रेंजवर कायमचा असावा, एवढीच माझी मागणी आहे. ती का, हे सविस्तर मांडतो.

आधी पालकांसाठी एक खुलासा. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. 2010 साली म्युनिकला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत 50 मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. या दोन्ही प्रकारांत रायफलवर स्कोप नसतो. मागे बारीक भोकाची अ‍ॅपर्चर साइट आणि पुढे गोल कडे, एवढेच. 10 मीटर एअर रायफललाही हाच नियम आहे. तिथल्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अवघा 0.5 मिलिमीटरचा असतो. ज्या स्कोपमधल्या नेमाच्या रेघेची जाडी 0.05 मिल (1 मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग) आहे, त्याची रेघ 10 मीटरवर नेमकी 0.5 मिलिमीटर भरते, म्हणजे अख्खा दहा झाकून टाकते. मुलाला या स्पर्धांसाठी तयार करायचे असेल तर स्कोपचे पैसे जॅकेट, बूट आणि चांगल्या छर्ऱ्यांकडे वळवावेत.

आता ज्यांच्या खेळात स्कोप चालतो त्यांच्याविषयी. स्कोपची पुढची काच आत उलटे चित्र तयार करते. नळीतली दुसरी छोटी नळी ते सुलट करते आणि झूमही तीच करते. नेमाच्या रेघा, म्हणजे रेटिकल, या छोट्या नळीच्या पुढे बसवले की झाला एफएफपी. त्यात झूम वाढवला की चित्राबरोबर रेघाही मोठ्या होतात, त्यामुळे 1 मिलची खूण कोणत्याही झूमवर 1 मिलच राहते. रेटिकल मागे बसवले की झाला एसएफपी, म्हणजे ‘सेकंड फोकल प्लेन’. त्यात चित्र मोठे होते, रेघा मात्र आहेत तेवढ्याच राहतात, आणि खुणांचे माप एकाच झूमवर, बहुधा सर्वांत वरच्या, खरे असते. समजा 24 पटींवर खरा असलेला एसएफपी तुम्ही 12 पटींवर आणला आणि वाऱ्यासाठी एक खूण बाजूला धरली. ती खूण आता 1 नव्हे, 2 मिलची आहे. 800 मीटरवर 1 मिल म्हणजे 80 सेंटिमीटर, म्हणजे गोळी तेवढीच लांब जाणार. ही चूक एफएफपीत होऊ शकत नाही, आणि जास्तीचे पैसे याच एका गोष्टीचे आहेत.

म्हणून आपल्या खेळात झूम मध्येच बदलून खुणांनी नेम धरावा लागतो का, हे आधी विचारावे. अमेरिकेत 2012 पासून चाललेल्या प्रिसिजन रायफल सिरीजसारख्या स्पर्धांत तो धरावा लागतो. मिनिट-दोन मिनिटांत वेगवेगळ्या अंतरांवरच्या लोखंडी प्लेट्स टिपायच्या असतात, दर वेळी टरेट (नेम वर-खाली किंवा बाजूला सरकवणारे स्कोपवरचे बटण) फिरवायला सवड नसते. तिथे एफएफपीला पर्याय नाही. एफ-क्लासचे, म्हणजे टेकू लावून लांब पल्ल्यावर मारायच्या स्पर्धेचे, गणित उलटे आहे. अंतर आधीच ठाऊक, एका टार्गेटवर संपूर्ण डाव, आणि 1000 यार्डांवर दहाचे वर्तुळ 10 इंचांचे. तिथले अनेक नेमबाज बारीक रेघेचा, जास्त पटींचा एसएफपीच पसंत करतात आणि त्यात काही चुकत नाही. ब्रिटनच्या हंटर फील्ड टार्गेट या एअर रायफलच्या खेळात तर फेरी सुरू झाल्यावर स्कोपच्या कुठल्याच सेटिंगला हात लावायचा नसतो. झूमच बदलणार नसेल तर एफएफपीचा लाभ कसला? एरवीच्या फील्ड टार्गेटमध्ये 8 ते 55 यार्डांचे अंतर पॅरॅलॅक्सच्या, म्हणजे अंतरानुसार चित्र जुळवण्याच्या, मोठ्या चाकावर ओळखतात, म्हणून तिथे जास्त पटींच्या झूमला आणि जवळच्या फोकसला महत्त्व.

आपल्या हवेत मात्र एफएफपीच्या बाजूने एक भक्कम कारण आहे. मार्च ते मे महिन्यांत दहा-अकरा वाजले की तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरू लागते आणि 20 पटींच्या पुढे टार्गेट पाण्याखाली असल्यासारखे हलते. अशा वेळी झूम 12-15 वर आणावाच लागतो. एफएफपीत तो बिनधास्त आणता येतो, कारण खुणांचे माप बदलत नाही.

याची किंमत रेघांच्या जाडीत चुकवावी लागते. 5 ते 25 पटींचा स्कोप घ्या, रेघ 0.04 मिलची. 25 पटींवर ती डोळ्याला ठसठशीत दिसते आणि 1000 मीटरवर 4 सेंटिमीटर झाकते. 5 पटींवर तीच रेघ इतकी बारीक होते की काळपट पार्श्वभूमीवर सापडतच नाही. म्हणून दुकानात फक्त सर्वांत वरच्या झूमवर पाहू नये. तुम्ही प्रत्यक्ष वापराल त्या खालच्या झूमवर, सावलीतल्या भिंतीकडे पाहून खुणा मोजता येतात का ते बघावे. 50 मीटरवर छर्ऱ्याने खेळणाऱ्याने 0.03 ते 0.04 मिलची रेघ आणि मध्यभागी सुटा ठिपका असलेले रेटिकल घ्यावे, त्याहून जाड नको.

एककांचा घोळ खरेदीआधीच मिटवावा. रेटिकल मिलमध्ये असेल तर टरेटचे क्लिकही (फिरवतानाचे टप्पे) मिलमध्येच हवेत. एकात मिल आणि दुसऱ्यात एमओए (अंशाचा साठावा भाग) असेल तर प्रत्येक गोळीमागे 3.438 ने गुणाकार करत बसावे लागते आणि घाईत तो चुकतो. दुसरा घोळ अधिक छुपा आहे. खरा 1 एमओए 100 यार्डांवर 1.047 इंच असतो, पण काही टरेट सरळ 1 इंचाच्या हिशेबाने कापलेले असतात. 30 एमओए फिरवले तर 1000 यार्डांवर दोन्हींत 14 इंचांचा फरक पडतो. माहितीपत्रकात यांपैकी कोणते ते लिहिलेले असावे, नसेल तर विक्रेत्याला विचारावे.

आता फळ्यावरची चाचणी, जी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी केली जाते.

100 मीटरवर 1 मिल म्हणजे 10 सेंटिमीटर, 50 मीटरवर 5. अंतर पोलादी किंवा फायबरच्या फितीने, जमिनीवर ताणून मोजावे. मोजमाप स्कोपच्या मध्यापासून धरावे, रायफलच्या नळीच्या तोंडापासून नव्हे. नळीचे तोंड अर्ध्या मीटरहून पुढे असते आणि 50 मीटरवर अर्धा मीटर म्हणजे 1 टक्का. शिकारी बनावटीचा लेझर रेंजफाइंडर इथे उपयोगी नाही, कारण त्याची 1 मीटरची सूट 50 मीटरवर 2 टक्के होते आणि आपल्याला त्याहून लहान चूक पकडायची आहे. रेंजवरचा ‘100’चा फलक यार्डांचा की मीटरचा, याचीही खात्री करावी. 100 यार्ड म्हणजे 91.44 मीटर. फलक यार्डांचा निघाला तर 1 मीटरची पट्टी 10 ऐवजी जवळपास 11 मिल दिसेल आणि चांगल्या स्कोपवर नाहक आळ येईल.

रायफलचा बोल्ट काढून, चेंबर रिकामी असल्याचे रेंज ऑफिसरला दाखवून, ती जड शिकंज्यात किंवा वाळूच्या पिशव्यांत पक्की बसवावी. रायफलऐवजी नुसता स्कोप माउंटसह (रायफलवर बसवायच्या पकडीसह) काँक्रीटच्या टेबलावर आवळता आला तर उत्तमच. आधी डोळ्याकडच्या भिंगाचा फोकस लावावा: मोकळ्या आकाशाकडे, सूर्यापासून दूर, तीन-चार सेकंदच पाहायचे, रेघा चटकन काळ्याभोर दिसल्या पाहिजेत. टक लावून पाहिले तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि चुकीचा फोकस बरोबर वाटतो. मग पॅरॅलॅक्सचे बटण फळ्यावर जुळवावे.

पहिली तपासणी खुणांची. 100 मीटरवरची 1 मीटरची पट्टी रेटिकलच्या 10 मिलमध्ये तंतोतंत बसते का, हे खालच्या, मधल्या आणि वरच्या झूमवर पाहावे. तिन्हीकडे उत्तर एकच आले तरच तो नावाप्रमाणे एफएफपी.

दुसरी तपासणी टरेटची. इथे पुष्कळजण दिशेतच फसतात. टरेट ‘अप’कडे फिरवला की गोळीचा मार वर जातो, पण रायफल घट्ट बांधलेली असेल तर काचेत रेटिकल खाली सरकताना दिसते. म्हणून सुरुवात फळ्याच्या वरच्या रेघेपासून करायची. 1 मिल फिरवला की रेटिकलचा मध्य 10 सेंटिमीटर खाली आला पाहिजे, 5 मिलला 50, 10 मिलला 100. प्रत्येक पायरीची नोंद वहीत घ्यावी. 10 मिल फिरवून मध्य 98 सेंटिमीटरवरच थांबला तर क्लिक 2 टक्के लहान आहेत. ही चूक सगळ्या पायऱ्यांवर सारखी असेल तर स्कोप टाकाऊ नाही. 10 मिल हवे असताना 10.2 फिरवायचे, किंवा बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरमध्ये हा गुणक भरून ठेवायचा. पण पहिल्या 5 मिलला बरोबर आणि पुढच्या 5 ला कमी, असे असेल तर त्याला औषध नाही. तो परत करावा.

मग त्याच जागी उलट दिशेने यावे. एकदा 9 वरून 10 वर, एकदा 11 वरून 10 वर. दोन्ही वेळी रेटिकल एकाच जागी थांबले पाहिजे. अर्ध्या क्लिकहून जास्त फरक म्हणजे आतल्या स्प्रिंगचा दाब अपुरा, किंवा स्कोप धरणाऱ्या रिंगा इतक्या आवळल्या आहेत की नळी दबून आतली नळी अडखळते आहे. रिंगांचे स्क्रू टॉर्क रेंचनेच, कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंत आवळावेत. तो बहुतेकदा 1.7 ते 2.2 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. शेवटी पूर्ण वर, पूर्ण खाली, असे वीसेक फेरे करून शून्यावर आणावे. रेटिकल पहिल्याच रेघेवर यायला हवे.

तिसरी गोष्ट याच चाचणीत आपोआप कळते. 1 मीटर खाली येताना रेटिकल 2 सेंटिमीटर बाजूला गेले तर कुठेतरी एका अंशाहून थोडा जास्त तिरपेपणा आहे. तो कुठे, हे ओळंब्याने ठरवावे. रेटिकलची उभी रेघ ओळंब्याशी जुळत नसेल तर स्कोप रिंगेत तिरका बसला आहे, सैल करून सरळ करा. उभी रेघ ओळंब्यावर आहे आणि तरीही प्रवास तिरका होतो, तर रेटिकल कारखान्यातच टरेटच्या तुलनेत वळलेले बसले आहे. हा दोष आपल्या हातून दुरुस्त होत नाही. 1 अंश क्षुल्लक वाटतो, पण 10 मिल फिरवून 1000 मीटरवर मारताना तो साडेसतरा सेंटिमीटर बाजूला नेतो.

अनेक जण याऐवजी ‘बॉक्स टेस्ट’वर समाधान मानतात: वर, उजवीकडे, खाली, डावीकडे क्लिक फिरवून गोळ्यांचा चौकोन काढायचा. चौकोन बंद झाला की स्कोप पास. ही चाचणी अपुरी आहे. सगळे क्लिक सारखेच 3 टक्के मोठे असतील तरी चौकोन सुबक बंद होतो, फक्त 3 टक्के मोठा निघतो, आणि तो कोणी पट्टीने मोजत नाही. 10 मिलवर 3 टक्के म्हणजे 0.3 मिल, 1000 मीटरवर 30 सेंटिमीटर. शिवाय गोळ्या झाडून क्लिक तपासण्यात मुळातच अडचण आहे. 50 मीटरवर 0.1 मिलचा एक क्लिक 5 मिलिमीटरचा, आणि रायफलचा स्वतःचा ग्रुप (एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांचा पुंजका) 20 मिलिमीटरचा असेल तर त्या पसाऱ्यात क्लिक दिसणार कुठे? म्हणून यंत्र आधी न झाडता तपासावे आणि झाडून फक्त झिरो, म्हणजे नेम आणि मार यांची मूळ जुळणी, टिकतो का ते पाहावे. दहा गोळ्यांचा एक ग्रुप, टरेटचे दहा-बारा फेरे, पुन्हा दहा गोळ्या, आणि दोन्ही ग्रुपच्या मध्यांची तुलना.

पॅरॅलॅक्सबद्दल थोडे. बटणावर छापलेले आकडे अंदाजे असतात, त्यांवर विसंबू नये. रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवून, तिला न स्पर्शता, डोके डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवावे. टार्गेटवर रेघा सरकल्या तर पॅरॅलॅक्स जुळलेला नाही. 50 मिलिमीटर काचेचा स्कोप 100 मीटरवर जुळवून 50 मीटरवर वापरला आणि डोळा अगदी कडेला गेला, तर नेमात 12.5 मिलिमीटरपर्यंत चूक होऊ शकते. 50 मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचे अख्खे वर्तुळ 10.4 मिलिमीटरचे असते, यावरून या चुकीचे वजन कळेल. लांब पल्ल्याच्या कित्येक एफएफपी स्कोपचा फोकस 25 मीटरच्या आत येतच नाही. घराच्या अंगणात 10 मीटरवर सराव करणाऱ्याने 10 यार्डांपर्यंत फोकस येणाराच घ्यावा.

स्प्रिंगच्या एअर रायफलवाल्यांना खास सांगणे आहे. या रायफलीचा धक्का दुहेरी असतो. पिस्टन पुढे झेपावताना रायफल मागे येते आणि पिस्टन हवेच्या गादीवर थांबताना ती पुढे झटका देते. मोठ्या काडतुसाच्या रायफलीसाठी बनवलेला महागडा स्कोपही या पुढच्या झटक्याने खिळखिळा होऊ शकतो, कारण त्याची भिंगे एकाच दिशेचा धक्का सोसण्यासाठी बांधलेली असतात. स्प्रिंग रायफलसाठी चालतो असे कंपनीने स्पष्ट लिहिलेलाच स्कोप घ्यावा आणि माउंट मागे सरकू नये म्हणून स्टॉप पिन असलेला घ्यावा. आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या पीसीपी रायफलीला ही चिंता नाही.

34 मिलिमीटरच्या नळीने जास्त उजेड येतो, हा समज चुकीचा आहे. उजेड पुढच्या काचेवर, भिंगांच्या लेपावर आणि झूमवर ठरतो. 50 मिलिमीटर काच 25 पटींवर डोळ्याशी 2 मिलिमीटरचा झोत देते, 10 पटींवर 5 मिलिमीटरचा. जाड नळीने मिळते ती टरेटला फिरायला जास्त जागा. सपाट माउंटवर एकूण फिरतीपैकी साधारण निम्मीच ‘अप’साठी उरते. .308 च्या 175 ग्रेन वजनाच्या गोळीला 100 मीटरच्या झिरोवरून 1000 मीटरला 10 मिलहून बरेच जास्त लागतात. तेव्हा एकूण 20 मिलचा स्कोप तिथे पोहोचत नाही, त्याला माउंटखाली 20 एमओएची तिरकी रेल (पट्टी) लागते, जी जवळपास 6 मिल मिळवून देते. फिरतीच्या अगदी टोकाला चित्र बिघडते आणि आडवी फिरतही आखडते, म्हणून दोन मिल हातचे राखावेत.

विक्रेत्यांनी एफएफपी स्कोप विकताना फळ्यावरच्या चाचणीसाठी आठवडाभराची परतीची मुदत लेखी द्यावी. माउंटच्या खुणा पडू नयेत म्हणून ग्राहकाने रिंगांखाली पातळ टेप लावावी, म्हणजे परत घ्यायला कोणाची हरकत राहणार नाही.

आणि रेंज चालवणाऱ्या संस्थांनी 8 बाय 4 फुटांची एक मरीन प्लाय घ्यावी, तिला चकाकी नसलेला पांढरा रंग द्यावा. मधोमध 2 मीटरची उभी रेघ, दर 10 सेंटिमीटरला आडवी खूण, वरच्या टोकाला 1 मीटरची आडवी पट्टी. रेघा 5 मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे 100 मीटरवर अर्ध्या क्लिकच्या. फळा ओळंब्याने उभा करावा, नेमाच्या दिशेला काटकोनात. फायरिंग पॉइंटवर 50 आणि 100 मीटरच्या जागी सिमेंटमध्ये पितळी खिळा ठोकावा, म्हणजे दर वेळी फीत ताणायला नको. टेबलाला एक शिकंजा कायमचा बसवावा. सभासदांसाठी महिन्यातला एक सकाळचा वेळ, ऊन चढण्याआधीचा, या तपासणीसाठी राखावा आणि त्या वेळात रेंजवर गोळीबार बंद ठेवावा. पावसाळ्यात प्लाय फुगते, तेव्हा दिवाळीआधी खुणा पुन्हा फितीने मोजून घ्याव्यात. कोकणातल्या संस्थांनी स्कोप ठेवायच्या कपाटात सिलिका जेलही ठेवावे, दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते आणि एकदा लेप खाल्ला की तो परत येत नाही.

आपला,
एक रायफल प्रशिक्षक, पुणे